रिव्हर्ब पेडलला ट्रू बायपास द्यावा का?

तुम्ही विचारलंय की बेल्टन ब्रिक (रिव्हर्बचं तयार मॉड्यूल) वापरून केलेलं रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं, पेडल चालू असताना गिटार मोकळी वाजते, पण बंद केलं की आवाज दबतो. ट्रू बायपास असूनही असं का?

ट्रू बायपासमुळेच. पेडल बंद केलं की सर्किट पूर्ण बाजूला पडतं आणि अॅम्पपर्यंतच्या सगळ्या केबलचा भार थेट पिकअपवर येतो. केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरची एक केबल म्हणजे ६००, पेडलच्या पुढे तेवढीच दुसरी लावली की १२००. सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स २.५ हेन्री धरला, तर त्याचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला पिकअप सर्वात जोरात वाजतं) ४१०० हर्ट्झच्या आसपासून थेट २९०० वर उतरतो. गिटारची चमक याच पट्ट्यात असते. पेडल चालू असताना इनपुटचा ऑप-अॅम्प (अॅम्प्लिफायर चिप) पुढची केबल सांभाळतो, पिकअपवर फक्त पहिलीचा भार राहतो. खात्री करायची असेल तर पुढची केबल अर्ध्या मीटरची लावा आणि पेडल बंद ठेवून ऐका, फरक बराच कमी होईल.

आधीच्या एखाद्या पेडलमध्ये बफर, म्हणजे पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट, असेल (बॉस कंपनीच्या बहुतेक पेडलमध्ये असतो) तर हा त्रास होत नाही. तरीही रिव्हर्बला ट्रू बायपास देऊच नये असं माझं ठाम मत आहे. शेवटचा सूर घुमत असताना पाय पडला की त्याची आस (मागे रेंगाळणारा घुमारा) कचकन तुटते, आणि संथ गाण्यात ते फार खटकतं. ती आस मिळावी म्हणून तर आपण हे पेडल बनवतो!

टीएल०७२ या दुहेरी ऑप-अॅम्पचा एक भाग इनपुट बफर करा, बायसला १ मेगओहमचा रेझिस्टर. दुसरा भाग मिक्सर. गिटारचा मूळ सिग्नल बफरमधून मिक्सरला कायम जोडलेला ठेवा, ब्रिकचं आउटपुटही तसंच. फूटस्विच फक्त ब्रिकच्या इनपुटवर घाला. बफरनंतर १० किलोओहमचा रेझिस्टर, मग कपॅसिटर, आणि पेडल बंद असताना कपॅसिटरच्या पुढचं टोक ग्राउंडला. ते १० किलोओहम विसरू नका, नाहीतर बंद असताना बफरचं आउटपुटच ग्राउंड होईल आणि मूळ सिग्नलही जाईल. फूटस्विच दोन पोलचा घेतलात तर दुसऱ्या पोलवर एलईडी.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पेडल बंद असतानाही ब्रिकची थोडी सळसळ आउटपुटला येते, आणि वीज गेली की गिटारच गप्प होते. ब्रिकच्या आत तीन पीटी२३९९ (एको चिप) आहेत, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी लवकर बसते. अॅडॉप्टरच वापरा, आणि ब्रिकच्या ५ व्होल्टसाठी ७८एल०५ या छोट्या रेग्युलेटरऐवजी मोठा ७८०५ घ्या. ब्रिक सोडून हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज फाटका करणारं पेडल) असेल तर तो या पेडलच्या आधी, गिटारला लागून ठेवा. बफरच्या मागे तो कर्कश वाजतो.