जाताना सहा तास, येताना चोवीस?

प्रश्न : ऑगस्टमध्ये मी आणि हे पहिल्यांदाच लेकीकडे न्यू जर्सीला चाललोय. तिकिटावर मुंबईहून रात्री दीडला सुटून त्याच सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, म्हणजे सहाच तास! परतताना मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई, म्हणजे चोवीस. यांना इन्सुलिन वेळेवर लागतं. नेमके किती तास धरायचे? – एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, जाताना साडेपंधरा तास धरा आणि येताना साडेचौदा. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळचे साडेसात होतात तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे पाच. रात्री दीड ते संध्याकाळी पाच, झाले साडेपंधरा. परतीचाही हिशोब असाच करा. एकूण तास बऱ्याच तिकिटांवर बारीक अक्षरांत असतात. माझ्या मते ते सगळ्यात ठळक छापायला हवेत, कारण औषधं घेणाऱ्यांना तोच आकडा लागतो.

माझी सगळी नोकरी विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये गेली. विमानाचा मार्ग आखायचा, वारं बघायचं, इंधन ठरवायचं, हे आमचं काम. तिकिटावरच्या वेळेला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान गेटवरून हललं की तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यातच येतं.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, सहारा असं करत जाते, पण त्या वाटेनं 14,200 किलोमीटर भरतात. नातवंडांच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेला पार आइसलंडच्या अंगाला सरकतो. जवळची वाट ती. अर्थात विमानाला दोऱ्यासारखं जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. असा वळसा पडला की वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात.

परतीला तासभर कमी का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो.

आता इन्सुलिनचं. ते हातातल्या बॅगेतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इनच्या सामानात अजिबात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. विमानातलं जेवण घरच्या वेळेला येत नाही, म्हणून साडेपंधरा तास हा आकडा सांगून डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. काकांचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या. आणि विमान रेंगाळलं तर जवळ असावा म्हणून थोडा सुका खाऊ नि साखर हाताशी ठेवा.