पालखी चालते, मग आमची दौड का नाही?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत आमचं गाव आहे. मंडळातर्फे १० किलोमीटरची दौड ठरवली. ग्रामपंचायतीनं ना-हरकत दिली, पण पोलिसांनी ‘वाहतूक व कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने परवानगी नाकारण्यात येत आहे’ एवढं लिहून अर्ज परत केला. शिमग्यात याच रस्त्यानं पालखी जाते. पाच आठवडे उरलेत. अपील कुठे करायचं?

उत्तर : आधी एक विनंती. पालखीला यात ओढू नका, कोर्टाच्या आधी गावकीच तुमचा निकाल लावेल. याच रस्त्यावर कधी सायकल स्पर्धेला परवानगी मिळाली असेल, तर तिची प्रत मात्र जरूर जोडा.

त्या एका ओळीच्या पत्राचा तुम्हाला राग आलाय. मला त्यात तुमचीच बाजू दिसते. हिम्मतलाल शहा प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं आपल्याच १९५१ च्या पोलीस अधिनियमाखालचा एक नियम रद्द केला. रस्त्यावरच्या सभेला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला त्यात अधिकाऱ्याला निकषच दिलेले नव्हते. निकाल सभेबद्दलचा आहे, दौडीबद्दलचा नाही. पण कारण न देता ‘नाही’ म्हणणाऱ्याला तो अडचणीत आणतो. शिवाय गोरधनदास भानजी प्रकरणापासून, म्हणजे १९५१ पासून, लेखी आदेश त्यातल्या शब्दांवरच जोखला जातो. अधिकाऱ्यानं मागाहून केलेले खुलासे धरत नाहीत. म्हणून ते पत्र जपून ठेवा.

पत्रावर कलम कोणतं आणि सही कोणत्या हुद्द्याची, ते बघा. अशा नकाराला पोलीस अधिनियमात सहसा अपिलाची ठरावीक पायरी नसते. तेव्हा याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे फेरविचाराचा अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या. माहिती अधिकाराच्या भरवशावर बसू नका. ३० दिवसांनी उत्तर आलं तर दौड दारात आलेली असेल.

अर्जात भांडू नका, अडचण सोडवून दाखवा. पहिली एसटी आणि बंदरावरचे मासळीचे टेम्पो कुठून जातील, कोणत्या वळणावर किती स्वयंसेवक, रुग्णवाहिका कुठे उभी, रस्ता किती वाजता मोकळा, हे सगळं नकाशासह द्या. सकाळी सहाच्या आत सुरुवात असेल तर भोंगा नको. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल तर नुसती ग्रामपंचायतीची ना-हरकत पुरणार नाही. आणि बक्षीस समारंभाचा मंडप रस्त्यावर घालणार असाल तर तो शाळेच्या पटांगणात हलवा. रस्त्यावर मंडप घालणं हा मूलभूत हक्क नाही, असं उच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलंय.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा तसंच मोघम आलं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. वकिलाला तारीख दाखवून तातडीचं सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण लवकर सुनावणीला लावून, घ्यायला सांगा. दौडीच्या आदल्या शुक्रवारी येणाऱ्या पक्षकाराचं मीही काही करू शकत नाही. कोर्ट स्वतः परवानगी देईल अशी आशा मात्र धरू नका. बहुधा ‘अमुक तारखेपर्यंत सकारण निर्णय द्या’ एवढाच आदेश मिळतो, आणि वेळेत मिळाला तर तो पुरतो.

मधल्या काळात कुणी फोनवर ‘करा तुम्ही, बघू’ म्हटलं, तरी ती परवानगी नव्हे. कागद हातात पडेपर्यंत प्रवेश शुल्क घेऊ नका आणि टी-शर्टही छापायला टाकू नका.