बॅले प्रश्नोत्तरे : शैली घडते ती रोजच्या वर्गात

प्रश्न : बॅले मूळचं फ्रान्सचं की रशियाचं?

बीज इटलीच्या दरबारांतलं, शिस्त फ्रान्सची. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्य अकादमी काढली. पुढे त्याच्या दरबारातल्या पिएर बोशाँ या नृत्यगुरूने पायांच्या पाच मूळ स्थिती पक्क्या केल्या. वर्गातल्या सूचना म्हणूनच आजही जगभर फ्रेंचमध्ये दिल्या जातात. रशियाचा बहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि तोही फ्रान्समधल्या मार्सेलला जन्मलेल्या मारियुस पेतिपा या नृत्यरचनाकाराच्या हातून आलेला.

प्रश्न : माझी मुलगी रशियन पद्धतीने शिकते. डॅनिश नर्तक हात इतके खाली का ठेवतात, असं ती विचारते.

पाय कितीही वेगाने चालोत, वरचं अंग निवांत दिसलं पाहिजे, हा डॅनिश नृत्यरचनाकार ऑगस्ट बूर्नोनव्हीलचा आग्रह होता. पॅरिसला ऑग्युस्त व्हेस्त्रिसकडे शिकून आल्यावर, १८३० पासून मधले काही खंड सोडले तर १८७७ पर्यंत, त्याने कोपनहेगनच्या शाही रंगभूमीवर बॅले सांभाळलं. उडीआधीची तयारी प्रेक्षकाला दिसू द्यायची नाही. खाली आलेला नर्तक तिथे थांबत नाही, तीच लय घेऊन पुढच्या उडीत जातो. पॅरिसमध्ये तेव्हा पुरुष नर्तक मागे पडत चालला होता. बूर्नोनव्हील स्वतः उत्तम नाचणारा. त्याने पुरुषांसाठी भरभरून रचना केल्या. त्याचं १८४२ चं ‘नेपोली’ हे बॅले बघा, म्हणजे पटेल.

१८७९ मध्ये तो गेल्यावर शिष्यांनी त्याचे धडे वारांप्रमाणे बांधून घेतले, सोमवार ते शनिवार, सहा ठरलेले वर्ग. पॅरिसमध्ये विरलेली जुनी फ्रेंच चाल त्यामुळेच डेन्मार्कात जिवंत राहिली. माझ्या मते बॅलेच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं जतन आहे. त्यात एक तोटाही होता : तेच ते धडे गिरवून नवी ताकद येत नाही.

प्रश्न : मग माझी मुलगी शिकते ती रशियन, म्हणजे वागानोवा पद्धत वेगळी कशी?

रशियन शिक्षिका आग्रिप्पिना वागानोवाने फ्रेंच मार्दव आणि इटालियन जोर एकत्र आणला. इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये सलग ३२ गिरक्या घेतल्या, तो हा इटालियन जोर. वागानोवाने पाठीच्या बळावर सगळं शरीर एकसंध हलवायला शिकवलं आणि १९३४ मध्ये ते पुस्तकात मांडलं. तिची शिष्या व्हेरा व्होल्कोवा १९५१ मध्ये शिकवायला गेली ती कोपनहेगनलाच. तेव्हा तुमच्या मुलीला दोन्हींतून एक निवडायची गरज नाही. रशियन सराव चालू ठेवून तिने ‘नेपोली’चा तिसरा अंक बघावा, आणि बघताना लक्ष खांद्यांवर ठेवावं.