आई म्हापशातल्या वृद्धाश्रमात आहे, पावसाळ्याआधी आपत्कालीन तयारीबद्दल तिथे काय विचारू?

पहिला प्रश्न हा विचारा: रात्री दोन वाजता वीज गेली आणि लिफ्ट बंद पडली, तर स्वतःहून न चालणाऱ्यांना खाली कोण आणणार आणि त्या वेळी ड्युटीवर किती माणसं असतात? उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे. ‘आम्ही बघतो’ हे उत्तर नव्हे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात झाडं आणि खांब पडून गोव्यात कित्येक भागांत काही दिवस वीज नव्हती. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र), फ्रीजमधलं इन्सुलिन, पाण्याचा पंप, सगळं विजेवरच चालतं. त्यामुळे जनरेटर आहे का एवढ्यावर थांबू नका. डिझेल किती तास पुरेल, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर जवळ असतो का, हेही विचारा. शक्य असेल तर आईची खोली तळमजल्यावर मागा, पण तिथे पावसाचं पाणी शिरत नाही ना, हे शेजाऱ्यांकडून कळून घ्या.

तुम्ही स्वतः एवढं करा:
- आठवडाभराची औषधं, जादा चष्मा, कानाच्या यंत्राचे सेल एका पिशवीत
- आजार, औषधांचे डोस, ॲलर्जी आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद
- रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर मदतीसाठी 112, पलंगाजवळ भिंतीवर

मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर वेळी बाहेर हलवणं योग्यच असं नाही. वादळात पक्क्या इमारतीत खिडक्यांपासून दूर राहणं बहुधा जास्त सुरक्षित असतं. आग लागली तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही.