तू भाषा बदलू नकोस

प्रिय,

तुझा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. बार्सिलोनातल्या बेकरीत तू ‘बोन दिया’, म्हणजे इथल्या कातालोनिया प्रांताच्या कातालान भाषेत ‘सुप्रभात’, म्हणालास आणि काउंटरवरच्या बाईनं तुझा चेहरा बघून कास्तेयानोत, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तीत, उत्तर दिलं. लगेच तू ठरवून टाकलंस, त्यांनाच नको तर मी कातालान कशाला शिकू? त्यात ऑफिसात कुणी तुला सांगितलं की ती स्पेनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या फुटीरांची भाषा, परक्यानं त्यात पडू नये.

अरे, तिनं भाषा बदलली, तुला हाकललं नाही. १९३९ पासून १९७५ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मरेपर्यंत कातालान शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. परक्याशी कास्तेयानोतच बोलायचं, हे अंगवळणी पडलं आणि पुढे सभ्यपणा म्हणून पोरांनीही उचललं. माझ्या शेजारच्या आजी जन्मभर कातालान बोलल्या, पण सामानाची यादी कास्तेयानोत लिहायच्या. स्वतःच्या भाषेत लिहायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून सांगते, समोरच्यानं बदलली तरी तू बदलू नकोस. अडखळ, चुकीचं बोल, पण बदलू नकोस.

मी बदलत राहिले. १९९८ साली इथे आले आणि अकरा वर्षं कास्तेयानोवर भागवलं. मुलाच्या शाळेत पालकांची बैठक असली की मी दारातून आत येताच वीसेक माणसं चालू वाक्य सोडून कास्तेयानोवर यायची. मला वाटायचं, किती मान देतात! एकदा घरी परतताना लेकानं विचारलं, “आई, तू आलीस की सगळे वेगळं का बोलायला लागतात?” तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मला उत्तर देता आलं नाही.

वेळ नव्हता रे. पहाटे साफसफाईचं काम, संध्याकाळी हॉटेलचं स्वयंपाकघर, तिथे सगळे कास्तेयानोच बोलणारे. दोन-दोन भाषा शिकायचं त्राण कुठून आणायचं? हे सगळं खरं आहे. रोज रात्री कास्तेयानोतली मालिका बघायला मात्र तासभर मिळायचा, तेही खरंच.

आणि फुटीरांची भाषा म्हणे! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बार्सिलोनाला लागून सांता कोलोमा दे ग्रामेनेत आहे, तू मेट्रोनं जाऊ शकतोस. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियासारख्या भागांतून पोटासाठी आलेली कास्तेयानो बोलणारी माणसं तिथे राहायची. आमच्या मुलांना कातालानमधून शिकवा, ही मागणी त्या आईबापांनी केली, आणि १९८३ मध्ये तिथे तशी पहिली शाळा सुरू झाली. त्यांना देश तोडायचा नव्हता, पोरं मागे पडू द्यायची नव्हती. त्याच गावचा गाब्रिएल रुफियान माद्रिदच्या संसदेत स्वातंत्र्यवाद्यांची बाजू मांडतो, आणि त्याचं घराणं मूळचं आंदालुसियातलं. उलट साल्वादोर इया हा नेता फुटून निघण्याच्या विरोधातला. २०२४ मध्ये तो कातालोनियाचा अध्यक्ष झाला आणि त्याच्याच सरकारनं भाषा धोरणासाठी स्वतंत्र खातं काढलं. आता सांग, भाषा कोणत्या पक्षाची?

तुला वाटतं, कास्तेयानो बोललं की आपण तटस्थ. तसं नाही. १९७८ च्या राज्यघटनेनं कास्तेयानो येणं हे प्रत्येक स्पॅनिश नागरिकाचं कर्तव्य ठरवलंय, कातालानला तो आधार नाही. २००३ मध्ये कातालोनियातले ४६ टक्के प्रौढ रोजच्या व्यवहारात मुख्यतः कातालान वापरत होते. २०२३ मध्ये ते प्रमाण ३२.६ टक्क्यांवर आलं. बाहेरून आलेल्यांची संख्या वाढली, हे त्याचं एक मोठं कारण. त्यात मी आहे, आता तूही आहेस.

तू ठाण्याचा. रिक्षात बसताना आपण आपणहून हिंदी सुरू करतो आणि घरी येऊन मराठीच्या नावानं उसासे टाकतो. तुला हे समजवावं लागू नये.

प्राथमिक वर्ग फुकट असतात. सोमवारी नाव घाल. गप्पा मारत शिकवणारे स्वयंसेवकही मिळतात, तेही विचार. आणि उद्या सकाळी त्याच बेकरीत जा. ‘बोन दिया’ म्हण. ती कास्तेयानोत विचारेल, काय देऊ? तू म्हण, ‘ऊना बारा दे पा, सिसप्लाउ’, म्हणजे एक लांब पाव द्या. ती पुन्हा कास्तेयानोत पैसे सांगेल. सुटे मोजून दे आणि ‘आदेउ’ म्हणून नीघ. परवाही जा.

रविवारी जेवायला ये. वरण-भात करते.

तुझी,
मावशी