निम्मी म्हणजे किती?

प्रश्न : मी ७४ वर्षांची, सिडनीत वेंटवर्थव्हिलला मुलाकडे राहते. पुण्याचा फ्लॅट विकून पैसे इथल्या घरात घातले, म्हणून घर मुलाच्या आणि माझ्या नावावर निम्मं-निम्मं आहे. गेल्या वर्षी एज पेन्शन, म्हणजे सरकारचं म्हातारपणाचं पेन्शन, सुरू झालं. काउन्सिलचे रेट्स, म्हणजे इथली घरपट्टी, आले १,७८० डॉलर. पेन्शनरांना निम्मी सूट असते असं देवळात ऐकलं होतं, मला मिळाली १२५. चूक झाली का? दुसरं, माझी मैत्रीण सरकारी फ्लॅटमध्ये राहते. तिला रेट्सची सूट काहीच नाही, आणि आता एसी बसवणार म्हणून पत्र आलंय. भाडं वाढेल का, या काळजीत आहे ती.

उत्तर : काकू, चूक झालेली नाही. एका काउन्सिलच्या रेट्स काउंटरवर मी बावीस वर्षं बसलो. "निम्मी म्हणालात ना?" हे वाक्य दर ऑगस्टमध्ये ऐकायचो.

आपल्या न्यू साउथ वेल्स राज्यात पेन्शनरला रेट्स आणि घरच्या कचऱ्याचं शुल्क मिळून निम्मी सूट असते हे खरं, पण २५० डॉलरपर्यंतच. तुमचे निम्मे होतात ८९०. ते २५० वर अडतात. हा २५० चा आकडा १९९३च्या कायद्यातला आहे. तेव्हापासून घरपट्टी कुठल्या कुठे गेली, आकडा मात्र जागचा हलला नाही. यातला ५५ टक्के भार राज्य सरकार उचलतं, उरलेला ४५ टक्के काउन्सिलच्या बोकांडी. मग आकडा वाढवायची घाई कोणाला असणार? काही काउन्सिलं मात्र आपणहून वर थोडी भर घालतात. तुमची घालते का, ते विचारून घ्या.

आता १२५ चं. घर दोघांच्या नावावर आणि त्यातला एक पेन्शनर नसला, तर सूट तुमच्या हिश्शापुरतीच. नवरा-बायको असते तर पूर्ण मिळाली असती. मुलगा त्यात बसत नाही. आपल्याकडे हे फार होतं. पैसे आईचे, नाव मुलाचं. तुमचं निदान निम्मं तरी आहे. काउंटरवर एक आजी यायच्या, घर सगळं मुलाच्या नावावर. पेन्शनचं कार्ड दोन्ही हातांनी काचेवर टेकवून उभ्या राहायच्या. त्यांना शून्य सांगताना मी खाली कागदात बघायचो.

पण म्हणून उरलेल्या १२५ साठी घराची नावं बदलायला जाऊ नका. मुद्रांक शुल्क त्याच्या कितीतरी पट बसेल आणि पेन्शन देणाऱ्या सरकारी खात्याचे, सेंटरलिंकचे, प्रश्न वेगळेच. खरोखरच ओढाताण होत असेल तर सूट वाढवण्याचा अधिकार कायद्याने काउन्सिलला दिलाय. तसा अर्ज करा.

आणखी एक. सूट पेन्शनर कन्सेशन कार्डावर मिळते. बसच्या सवलतीचं सीनियर्स कार्ड वेगळं, ते इथे चालत नाही. भारतात ६ आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात तर कन्सेशन कार्ड बंद होतं. दिवाळी करून परत आलात की पहिला फोन सेंटरलिंकला.

मैत्रिणीचं सोपं आहे. रेट्स घरमालक भरतो, ती भाडेकरू. त्यामुळे सूट घेण्यासारखं बिलच तिच्या नावाने येत नाही. पत्र बहुधा सरकारी घरं वीज वाचवणारी करण्याच्या कामाचं असावं. केंद्राने २०२३च्या बजेटमध्ये त्यासाठी ३० कोटी डॉलर ठेवले, राज्यंही भर घालतात. गरम-गार दोन्ही करणारा एसी, छताचे पंखे, फटी बुजवणं, अशी कामं असतात. सवलतीचं भाडं उत्पन्नावर ठरतं, साधारण २५ ते ३० टक्के. एसीने तिचं उत्पन्न वाढणार नाही, मग भाडं कशाला वाढेल? विजेचं बिल मात्र तिचंच. थंडीत २० वर ठेवा म्हणावं, खोलीचं दार लावून. आणि माणसं आली की बाहेरच्या दाराखालची फट आधी दाखवा. जुलैतला, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, सगळा गारठा तिथूनच आत येतो. आमच्याकडे आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा अजून त्या फटीला असतो.