गोव्यातल्या जुन्या घरात किचन कॅबिनेट कसली करावीत आणि ओट्याला ग्रॅनाईट घ्यावा की क्वार्ट्झ?

तुमचं म्हणणं असं, की डिचोलीकडचं चिऱ्यांचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय, शोरूमवाल्याने एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदाने चिकटवून दाबलेल्या फळीची) कॅबिनेटं, त्यावर ॲक्रिलिकची शटरं आणि ओट्याला पांढरा क्वार्ट्झ सुचवलाय, चवथीच्या आधी सगळं उरकायचंय, तर हो म्हणू का? नका म्हणू. एमडीएफ तर नकोच. आणि ज्या घरात रोज हुमण (माशांची आमटी) शिजतं तिथे पांढरा ओटा कशाला हवा, हे मला एकदा कुणीतरी नीट समजावून सांगावं.

एवढ्या तावातावाने लिहिते त्याला कारण आहे. आमचं घर माशेलला, सासरचं, सामाईक. दुरुस्ती काढली तेव्हा निम्मे पैसे मोठ्या दिरांनी घातले. ते ठाण्याला असतात, चवथीला आणि शिगम्याला येतात. निम्मे पैसे म्हणजे निम्मं मत, याला माझी कधीच हरकत नव्हती. पण ज्या माणसाने आयुष्यात स्वतःपुरता चहा केला नाही त्याने आमच्या स्वयंपाकघराचा आराखडा मोबाईलवर पाठवायचा म्हणजे हद्द झाली. त्यात सगळं पांढरं चकचकीत, खाली ड्रॉवर, वर कपाटं, भिंत कुठे दिसायला नको. माझं म्हणणं साधं होतं: आतून कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या, वर काळा ग्रॅनाईट, तोंडाला फक्त शटरं. भाऊजी म्हणाले, "हे चाळीतलं किचन झालं." मग मीही ऐकवायचं ते ऐकवलं.

शेवटी सासूबाईंनी तोड काढली. ओटा एल आकाराचा, तेव्हा खिडकीकडची सिंकची बाजू भाऊजींच्या मनासारखी आणि शेगडीकडची माझ्या. आमच्या मेस्तांनी (मिस्त्रींनी) शोरूमच्या पोऱ्याकडून एमडीएफच्या नमुन्याचा एक तुकडा मागून घेतला आणि कुणाला काही न सांगता पाण्याच्या बादलीत टाकला. सकाळी काढला तर कडा फुगून वरचा कागद सुटलेला. मी फोटो काढून ठाण्याला पाठवला. उत्तर आलं, "किचन काय कोणी बादलीत बुडवून ठेवतं का?"

नाही ठेवत. पण गोव्यात पावसाळा बादलीसारखाच असतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. अशा हवेत लाकडाचे तंतू चिकटवून केलेली फळी किती टिकणार?

तरी भाऊजींच्या बाजूला एमडीएफच बसलं, आणि सिंकखालचं कपाट पहिलं गेलं. सायफनच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं, पुढे डबे असल्यामुळे दिसलं नाही. पाईप जायला फळीला भोक पाडलं होतं, त्याच्या कडा तशाच उघड्या ठेवलेल्या. पाणी तिथून आत शिरलं. तळाची फळी चहात भिजलेल्या उंड्यासारखी (पावासारखी) झाली. मी शटर उघडायला गेले तर ते एका बाजूला लोंबकळलं, आणि बिजागरीचा स्क्रू बोटांनी ओढला तो भुश्शाचा गोळा घेऊनच बाहेर आला. त्याच भिंतीला काटकोनात माझी कडप्प्याची बाजू. तिथेही ओल होती, कोळंबीच्या सोड्यांच्या डब्याखाली दगड ओला लागत होता. पुसला, झालं.

भाऊजींचं म्हणणं अजूनही हेच, की चूक प्लंबरची, फळीची नाही. हे मला मान्य नाही. सिंक म्हटलं की जोड आला, वॉशर आला, आणि वॉशर कधी ना कधी जातोच. एक थेंब सहन होत नाही असं सामान सिंकखाली घालणाऱ्याने प्लंबरला बोल लावू नये. शोरूमवाल्याला फोन केला तर वॉरंटीत "पाण्याने झालेलं नुकसान" बसत नाही म्हणाला. स्वयंपाकघराच्या कपाटाला दुसरं कशाने नुकसान होतं, देव जाणे.

तर तुमच्यासाठी. लाकडातच करायचं असेल तर मरीन प्लाय घ्या, फळीवर आयएस ७१० हा शिक्का बघून. ही फळी चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तिचे थर सुटले नाहीत तरच पास. साधा एमआर प्लाय वेगळ्या गोंदाचा, दमट हवा सोसतो, पाणी नाही. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणेल, शिक्का दाखवायला सांगा. कापलेली प्रत्येक कड, पाईपाच्या भोकासकट, बंद झाली की नाही ते स्वतः वाकून बघा. पीव्हीसीची फळी पाण्याने फुगत नाही, पण स्क्रू नीट धरत नाही आणि शेगडीच्या उष्णतेने मऊ पडते, म्हणून ती सिंकखालीच बरी. ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं दिसायला ऑफिससारखी वाटतात, पण वाळवी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. जुन्या घरात वाळवी असतेच, नाही म्हणू नका.

बिजागऱ्या आणि जाळीचे ट्रे स्टीलचे घेताना ३०४ ग्रेडचं स्टील मागा. दुकानात लोहचुंबक लावून "चिकटत नाही बघा, म्हणजे अस्सल" असं दाखवतात. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आता दगड. कडप्पा वर ओट्याला घालू नका, आत फळ्यांनाच घाला. तो चुन्याच्या जातीचा दगड, सोलांचं नाहीतर चिंचेचं पाणी सांडलं की पॉलिश खाऊन पांढरट डाग पडतो. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाईटला आंबटाचं काही होत नाही. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि राळ, त्यात चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि उष्णता सोसत नाही ती ही राळ. दीडशे अंशांच्या पुढे ती करपायला लागते. आमच्याकडे चवथीच्या गर्दीत नेवऱ्या तळून झाल्यावर कुणीतरी कढई उचलून थेट भाऊजींच्या पांढऱ्या ओट्यावर टेकवली. तो पिवळट गोल डाग आजही तिथे आहे. कुणी टेकवली ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही, पण मी नव्हे आणि सासूबाईही नव्हेत. हळदीचे डाग मोजतच नाही.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा बनवलेल्या दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली, कारण तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. ग्रॅनाईटमध्येही सिलिका असते, कमी असली तरी. तेव्हा दगड कुठलाही असो, तो पाणी मारतच कापायला लावा, आणि घराच्या पडवीत तर सुका कापूच देऊ नका.

काळा ग्रॅनाईट घेताना फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, पुढच्या दुकानात चला.

उंचीवर कुणीच बोलत नाही. शोरूमचं माप ३४ इंच, ते ठरलेलं. आमच्या सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. भाऊजींच्या बाजूला त्या भांडी घासायला उभ्या राहिल्या की खांदे कानाला लागायचे, म्हणून खाली पाट ठेवायला लागला. माझी बाजू मी मेस्तांकडून त्यांच्या कोपराच्या चार-पाच बोटं खाली मोजून घेतली होती. घरात रोज कोण रांधतं त्याचा कोपर मोजा, बाकीच्यांचा नको. आणि आदोळी घेऊन बसायला जमिनीवर जागा सोडा. नारळ खवायला मशीन घेऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात, सासूबाईंसमोर म्हणून बघा.

मासे साफ करायला मागीलदारी, नळाजवळ, कडप्प्याची एक लादी आणि उतार एवढं करून घ्या. आतल्या सिंकवरचा अर्धा ताण तिथेच कमी होतो.

वरची लटकती कपाटं चिऱ्याच्या भिंतीवर लावणार असाल तर जपून. जुन्या भिंतीतले सांधे मातीचे, तिथे साधा प्लग धरत नाही. भिंतीतून आरपार बोल्ट काढा किंवा ओट्यावरूनच आधार उभा करा. पश्चिमेकडच्या, म्हणजे पाऊस झोडपतो त्या भिंतीला तर कपाट नकोच. करायचंच असेल तर मागे बोटभर फट ठेवा.

चवथीच्या आधी उरकायचं म्हणता, ते दगडाचं काम असेल तर पावसातही होईल. लाकूडकाम मात्र पाऊस संपल्याशिवाय काढू नका. जुलैत प्लाय आधीच ओल धरून असतो, गोंद नीट सुकत नाही, आणि तेव्हा बसवलेलं शटर उन्हाळ्यात वाकडं झालेलं दिसतं. यंदाची चवथ जुन्याच ओट्यावर करा. आणि जून महिन्यात "चवथीपूर्वी देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ जास्त पैसे सोडू नका.

दर विचारलेत, ते मी सांगत नाही, म्हापशाला एक आणि फोंड्याला दुसरा असतो. फक्त फुटाचा दर ऐकून खूश होऊ नका. कड गोल करण्याचे, सिंक आणि हॉबचं (ओट्यात बसवायच्या शेगडीचं) भोक कापण्याचे पैसे बहुधा वेगळे लावतात. हॉबच्या भोकापुढे दगडाची पट्टी बारीक उरली तर तिथेच तडा जातो, ती रुंद ठेवायला सांगा.

हे सगळं पावसाने भिजणाऱ्या जुन्या घराचं झालं. पर्वरीसारख्या ठिकाणी चौथ्या मजल्यावर फ्लॅट असेल, दोघंच माणसं असतील, तवा लाकडी पाटावर ठेवण्याची शिस्त असेल तर क्वार्ट्झ खुशाल घ्या, दिसतो सुंदर, मी खोटं कशाला बोलू. कडप्प्याच्या कपाटात ड्रॉवर नीट बसत नाहीत, हीही खरी अडचण आहे. एका बाजूला ड्रॉवर हवेत म्हणून मीही नंतर मरीन प्लायचं एक कपाट करून घेतलं, भाऊजींच्या बाजूला, फुगलेलं काढून टाकून. त्याचे निम्मे पैसे मी त्यांच्याकडे मागितले आहेत.